रात्री दोन दहाला अडकणारी बिल्टी

नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या त्या गोदामात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नवतपा, म्हणजे मेअखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, सुरू होता. अमरावती रोडवर आठव्या मैलाच्या आसपास ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं एकाला एक लागून आहेत, त्यांतलंच हे एक. दिवसभर पेंगतं, रात्री जागं होतं. शहरातल्या गांधीबागेत बुक झालेला माल संध्याकाळी टेम्पोतून इथे येतो, हमाल तो गावागावाप्रमाणे लावतात आणि अकरानंतर एकेक गाडी निघू लागते. गाडी फाटकाबाहेर काढायची तर ड्रायव्हरच्या हातात बिल्टी, म्हणजे मालाची पावती, पाहिजे. ती छापणारं सॉफ्टवेअर मागच्या खोलीतल्या एका जुन्या सर्व्हरवर चालतं, आणि ते रात्री दोनच्या सुमाराला अडकायचं. ते का, हे शोधायला मला बोलावलं होतं.

रात्रपाळीचे क्लार्क बऱ्याच वर्षांपासून तिथे आहेत. सगळे त्यांना काकाजी म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. त्यांचं वर्णन मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं: "बंद नाही पडत भाऊ. बंद पडली असती तं समजलं असतं. घसटत चालते. एक बिल्टी निंघायला तीन-चार मिनिटं. मंग आमी बटण दाबतो, का उठते परत."

निम्मं निदान त्या 'घसटत'मध्येच होतं. मला ते चार रात्रींनी कळलं.

माझ्या आधी तिघांनी आपापलं मत देऊन ठेवलं होतं. मालक म्हणाले, गर्मी. "नवतप्यात माणूस झोपत नाही, मशीन कुठून चालन?" म्हणून सर्व्हरच्या खोलीत एक कूलर बसवला होता, त्याच्या ओलीने भिंतीला पोपडे आले होते, आणि दुखणं होतं तिथेच होतं. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, डेटाबेस मोठा झालाय, नवीन सर्व्हर घ्या. कोणीतरी रॅम वाढवून दिली होती. मला स्वतःला बॅकअपचा संशय होता, कारण रात्री दोनला अडकणाऱ्या दहा मशीनींपैकी सहांमध्ये बॅकअपच निघतो. पण इथला बॅकअप पहाटे पाचला होता.

एक गोष्ट काकाजींनी सहज बोलता बोलता सांगितली आणि मी ती तेव्हा सोडून दिली: शनिवारी हे दोनला नाही, साडेअकरालाच होतं.

लॉगमधलं भोक

सर्व्हरवर सेंटओएस ६ ही लिनक्सची जुनी आवृत्ती होती. तिचा आधार (सपोर्ट) ३० नोव्हेंबर २०२० ला संपला, म्हणजे त्यानंतर सुरक्षेचे अपडेटही नाहीत. असे सर्व्हर नागपुरात अजून किती चालू आहेत हे मोजायला कोणी बसू नये. चालतंय ना, मग हात लावू नका, हा आपल्याकडचा नियम. या सेंटओएसमध्ये यंत्रणेच्या नोंदी, म्हणजे लॉग, ठेवण्याचं काम आरसिसलॉग नावाची सेवा करते. ती मागे गुपचूप चालू असते. कर्नल (लिनक्सचा गाभा), लॉगिन, क्रॉन (ठरल्या वेळी कामं करणारा), मेल, डेटाबेस, ज्याला जे सांगायचं असेल तो सॉकेट नावाच्या एका ठरलेल्या खिडकीवर संदेश टाकतो, आणि आरसिसलॉग तो उचलून, कोणाचा आणि किती गंभीर ते पाहून, योग्य त्या फाइलीत लिहिते किंवा दुसऱ्या मशीनकडे पाठवते.

ही पद्धत १९८० च्या दशकातली. बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमनने सेंडमेल या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी सिसलॉग लिहिला, आणि मग सगळ्या युनिक्सने तो उचलला. बरीच वर्षं त्याला लिखित नियमच नव्हता. आहे ते जसं चालतं तसं २००१ मध्ये आरएफसी ३१६४ म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचे दस्तऐवज) नोंदवलं गेलं आणि २००९ मध्ये आरएफसी ५४२४ आला. आरसिसलॉग हा राइनर गेरहार्ड्सने २००४ मध्ये सुरू केलेला नवा अवतार.

सकाळी जाऊन मी मेसेजेस ही मुख्य फाइल उघडली. रात्री दहापर्यंत मिनिटामिनिटाला नोंदी. मग एकदम काही नाही. त्यानंतर थेट अडीचला मशीन पुन्हा सुरू झाल्याच्या ओळी. साडेचार तासांचं भोक.

लॉगवर विश्वास ठेवायचा तर सर्व्हर दहालाच मेला होता. काकाजी म्हणत होते, दोनपर्यंत मस्त चालत होता. मी थोडं शंकेनंच विचारलं, तर ते उठले आणि बिल्ट्यांच्या कार्बन कॉपीचा गठ्ठा समोर टाकला. डॉट मॅट्रिक्सच्या फिकट अक्षरांत प्रत्येकीवर वेळ होती: ११:४०, १२:५५, १:३२. म्हणजे सर्व्हर जिवंत होता, डेटाबेस चालत होता, फक्त लॉग लिहिणारा दहाला गप्प झाला होता. आणि आजवर ज्याने ज्याने ती फाइल पाहिली त्याने 'काही नोंद नाही' याचा अर्थ 'काही घडलं नाही' असा लावला होता. मीही पाच मिनिटं तेच केलं.

गंमत पुढे आहे. एका रात्री गाड्या कमी होत्या, काकाजींनी बटण दाबलं नाही, तसंच रेटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या रात्रीची फाइल पाहिली तर भोक जवळपास भरलेलं! दहा, अकरा, बारा, एक, सगळ्या वेळांच्या नोंदी जागच्या जागी. दोननंतर मात्र विरळ. रात्री जे लिहिलं गेलं नव्हतं ते सकाळी कोणीतरी मागच्या वेळा टाकून लिहून ठेवलं होतं. नोंदी कुठेतरी अडून बसत होत्या आणि सकाळी सुटत होत्या. दिवसा येऊन हे सापडणार नव्हतं.

रात्रीची बैठक

त्या रात्री मी साडेअकरालाच सर्व्हरमध्ये शिरून बसलो, लॅपटॉप मांडीवर, समोर कूलर. फाइलीच्या शेवटच्या ओळी दाखवत राहणारा टेल हा आदेश लावून मेसेजेस फाइल डोळ्यासमोर ठेवली. शेवटची ओळ दहाची. तोवर बिल्ट्या धडाधड छापल्या जात होत्या.

पावणेदोनला लॉगर या छोट्या आदेशाने एक चाचणीचा संदेश टाकला. आदेश लगेच परतला, कुठे काही तक्रार नाही. फाइलीत मात्र संदेश आला नाही. घेतला, पण लिहिला नाही. दोन दहाला परत टाकला, तर लॉगर वीस सेकंद अडकून राहिला. दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करून पाहिलं, त्याला मिनिटापेक्षा जास्त लागलं. प्रोसेसर रिकामा, मेमरी रिकामी, डिस्क अर्धी रिकामी. मशीनला काहीच काम नव्हतं आणि तरी ते हलत नव्हतं. बाहेरून काकाजींचा आवाज आला, "झालं सर, सुरू झालं तिचं."

चालत्या प्रोग्रॅमवर नजर ठेवणाऱ्या एस-ट्रेसने पोस्टग्रेसच्या, म्हणजे इथल्या डेटाबेसच्या, एका अडकलेल्या प्रोसेसवर कान लावला. तो डेटाबेसच्या कुठल्याही कामात नव्हता. नोंदींच्या सॉकेटवर संदेश टाकताना अडला होता, आणि त्या संदेशाच्या सुरुवातीला कोनी कंसात आकडा होता १३४.

हा आकडा ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी: सिसलॉगच्या प्रत्येक संदेशाच्या डोक्यावर असा आकडा असतो. त्याला आठने भागायचं. भागाकार म्हणजे संदेश कोणत्या खात्याचा, बाकी म्हणजे तो किती गंभीर. गंभीरतेच्या आठ पायऱ्या, शून्य सगळ्यात वाईट, सात म्हणजे निव्वळ बडबड. खाती चोवीस, त्यांतली शेवटची आठ आपल्या मर्जीने वापरायला मोकळी ठेवलेली. (मधे यूयूसीपी आणि न्यूज अशीही खाती आहेत, ती वापरणारी पिढी निवृत्त झाली, खाती राहिली.) १३४ म्हणजे सोळा आठे १२८ अधिक ६. सोळावं खातं हे मोकळ्यांतलं पहिलं, लोकल-शून्य, आणि पोस्टग्रेस सिसलॉगकडे नोंदी पाठवतो तेव्हा मुळात तेच वापरतो. ६ म्हणजे साधी माहिती. 'अमुक ग्राहक जोडला गेला' एवढं एक वाक्य कोणाला तरी सांगायचं म्हणून डेटाबेस ताटकळत उभा होता.

मग जोडण्या पाहिल्या. आरसिसलॉग गांधीबागेच्या एका पत्त्याला जोडू पाहत होता, आणि पलीकडून उत्तर नव्हतं. त्या पत्त्याला पिंग केलं, तेही मेलेलं.

"काकाजी, गांधीबागेचं कॉम्प्युटर बंद आहे का?"

"आता तिथं कोण राहीन? पावणेदहाले मेन स्वीच पाडून जाते ना तो पोरगा रोज. शनिवारी सातलेच."

सातांपैकी दोन ओळी

आता त्या गांधीबागेच्या मशीनची कथा. इंडियन कॉम्प्युटर इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम, म्हणजे सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत सगळ्या यंत्रणांचे लॉग फिरत्या १८० दिवसांसाठी, आणि भारतातच, जपून ठेवायला सांगितलं आहे. घटना घडली तर सहा तासांत कळवायची, घड्याळं ठरलेल्या सरकारी एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायची, असंही त्यात आहे. या ट्रान्सपोर्टच्या एका मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटरने ते कलम पुढे केलं. मालकांनी एका तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने गांधीबागेच्या बुकिंग ऑफिसात एक डेस्कटॉप 'लॉग सर्व्हर' म्हणून मांडला, वाडीच्या पोस्टग्रेसला नोंदी सिसलॉगमध्ये टाकायला लावलं, प्रत्येक जोडणीच्या आणि तोडणीच्या नोंदीसकट, आणि वाडीच्या आरसिसलॉगला सांगितलं की सगळं तिकडे पाठव. कामाला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. दुखणं त्याच महिन्यात सुरू झालं होतं, पण ते आणि लॉग यांचा संबंध कोणी कशाला लावेल?

सेंटओएस ६ च्या आरसिसलॉगच्या मांडणीच्या फाइलीत अगदी शेवटी, दुसऱ्या मशीनकडे नोंदी पाठवण्याचा एक तयार नमुना असतो. सात ओळी, प्रत्येकीच्या पुढे टिप्पणीची खूण, म्हणजे बंद. पहिल्या पाच सांगतात: साठा अमुक फोल्डरात ठेव, त्याला अमुक नाव दे, १ जीबीच्या वर जाऊ देऊ नकोस, सेवा बंद होताना उरलेलं डिस्कवर लिहून ठेव, आणि रांग साखळी पद्धतीची कर. सहावी सांगते: पलीकडचं मशीन बंद असेल तर प्रयत्न कधीच सोडू नकोस, तिथे उणे एक हा आकडा असतो. सातवी म्हणजे प्रत्यक्ष पाठवणं. आधी तारा-टिंब-तारा, म्हणजे सगळ्या खात्यांचं सगळं, मग दोन ॲट (@) आणि पत्ता. एक ॲट म्हणजे यूडीपी, नुसतं पाठवून मोकळं होणारी पद्धत; दोन म्हणजे टीसीपी, आधी जोडणी करून पाठवणारी.

वाडीच्या फाइलीत शेवटच्या दोन ओळी उघडल्या होत्या आणि वरच्या पाच तशाच बंद होत्या. त्या सातांच्या डोक्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की या ओळी एकत्रच आहेत, यांना तोडू नका.

मी त्या तंत्रज्ञाला हसणार नाही. पाठवायचं आहे, तर पाठवण्याची ओळ उघडली. हट्टाने पाठवायचं आहे, तर हट्टाची ओळ उघडली. 'रांग', 'स्पूल' (डिस्कवरचा साठा) या ओळी वाचून कोणालाही वाटेल की हे मोठ्या कंपन्यांचे चोचले.

दुसऱ्या दिवशी मालकांना मी हे वेगळ्या तऱ्हेने सांगितलं. समजा तुमच्या फाटकावर एक मुनीम बसवला. आलेली प्रत्येक चिठ्ठी त्याने आधी इथल्या वहीत उतरवायची आणि मग स्वतः गांधीबागेत नेऊन द्यायची. दिवसा ठीक. रात्री गांधीबागेला कुलूप. पण मुनिमाला सांगितलंय की चिठ्ठी दिल्याशिवाय परत फिरायचं नाही. तो तिथेच दारात बसला. इकडे वही उघडी, लिहायला कोणी नाही. फाटकावर त्याचा एक मोठा ट्रे आहे, लोक चिठ्ठ्या त्यात टाकून पुढे जातात, म्हणून पहिले चार तास कोणाला काही कळत नाही. ट्रे भरला की मात्र पुढचा माणूस चिठ्ठी हातात धरून उभा.

मालक म्हणाले, "मंग मुनीम दोन ठेवा ना."

उपाय तोच होता.

हिशेब

तो ट्रे म्हणजे आरसिसलॉगची मुख्य रांग. या जुन्या आवृत्तीत तिच्यात मुळात १०,००० संदेश मावतात, तेही मेमरीत. एका पूर्ण रात्रीच्या नोंदी मोजल्या तर सरासरी मिनिटाला ४० पडत होत्या. १०,००० भागिले ४० म्हणजे २५० मिनिटं, चार तास दहा मिनिटं. दहाला त्यात मिळवा: दोन दहा.

पण पोरगा स्वीच पाडतो पावणेदहाला, आणि लॉग गप्प होतो दहाला. मधली पंधरा मिनिटं कुठली? ती लिनक्सच्या टीसीपीची. वीज अशी एकदम गेली की पलीकडचं मशीन 'येतो' म्हणून सांगत नाही. अलीकडचं मशीन पाठवलेलं परत परत पाठवत राहतं, दर वेळी जास्त थांबून, मुळातल्या मांडणीत पंधरा वेळा, आणि त्याला कमीत कमी ९२४ सेकंद लागतात. तोवर आरसिसलॉग कर्नलच्या हाती संदेश देत राहतो आणि समजतो की पोचले. शनिवारी सातला स्वीच, सव्वासातला जोडणी तुटली, चार तास दहा मिनिटांनी ११:२५. काकाजींचं 'शनिवारी साडेअकराला' मी सोडून दिलं नसतं तर दोन रात्री वाचल्या असत्या.

आणि 'घसटत'? रांग भरल्यावर आरसिसलॉग नव्या संदेशासाठी २००० मिलिसेकंद, दोन सेकंद, जागा होते का पाहतो, नाही झाली तर संदेश टाकून देऊन पुढचा घेतो. म्हणजे दर दोन सेकंदाला एक. त्याच्या आधी सॉकेटवर दहाएक संदेश रांगेत. त्यामुळे एका संदेशाला साधारण वीस सेकंद. एक बिल्टी छापताना सॉफ्टवेअर चार-पाच वेळा डेटाबेसला जोडतं-सोडतं, प्रत्येक वेळी दोन-तीन नोंदी. गुणून पाहा, तीन-चार मिनिटं येतात. यंत्र पूर्ण अडलं असतं तर कोणीतरी पहिल्याच आठवड्यात खोलात गेलं असतं.

बटण दाबलं की मेमरीतली ती रांग जाते, ट्रे रिकामा होतो, पुढचे चार तास सुखाचे. पुढची अडचण सकाळी साडेसहाच्या आसपास येत असणार, पण तोवर गाड्या गेलेल्या आणि काकाजी घरी. रांगेबरोबर दहा ते अडीचच्या सगळ्या नोंदीही जायच्या. ज्या १८० दिवसांच्या लॉगसाठी हे सगळं मांडलं, त्यातलेच रात्रीचे साडेचार तास रोज कचऱ्यात जात होते.

माझी चूक

शुक्रवारी दुपारी मी पाचही ओळी उघडल्या, स्पूलचं फोल्डर आहे आणि लिहिता येतं ते पाहिलं, एन-१ पर्यायाने फाइलीची तपासणी केली, सेवेला हप सिग्नल दिला आणि प्रतापनगरला घरी येऊन झोपलो. रात्री दोन वीसला फोन. "सर, घसटून राहिली."

हप ही माझी जुन्या सिसलॉगची सवय. तिथे हप दिला की सेवा मांडणी परत वाचते. आरसिसलॉगच्या या आवृत्तीत हप दिला की ती फक्त उघड्या फाइली बंद करून नव्याने उघडते. रोजच्या लॉग फिरवण्यासाठी तेवढंच लागतं. मांडणी बदलायची तर सेवा पुरती बंद करून चालू करावी लागते. मी बदललेली फाइल दिवसभर डिस्कवर पडून होती आणि सेवा जुन्याच हुकुमावर चालत होती. वीस वर्षं हेच काम करतोय, हे काकाजींना त्या वेळी सांगायची हिंमत झाली नाही.

म्हणून रविवारी, गोदाम बंद असताना, नीट परीक्षा घेतली. आधी मुद्दाम जुनी मांडणी ठेवली, गांधीबागेकडची वाट फायरवॉलने तोडली आणि एका ओळीच्या लूपने लॉगरकडून १२,००० संदेश टाकवले. दहा हजारांच्या आसपासपर्यंत धावले, आणि मग मुंगीच्या पावलांनी. दुखणं हुकमी आणता आलं की अर्धी चिंता जाते. मग नवी मांडणी, सेवा बंद-चालू, तीच तुटलेली वाट, या वेळी २५,००० संदेश. एकदाही अडलं नाही. स्पूलच्या फोल्डरात साठ्याच्या फाइली वाढताना दिसल्या, वाडीची मेसेजेस फाइल बरोबरीने लिहिली जात होती, आणि वाट उघडल्यावर साठा पलीकडे गेला.

साठा पुरेल का? शनिवारी संध्याकाळी सात ते सोमवारी सकाळी दहा म्हणजे ३९ तास, मिनिटाला ४० ने ९३,६०० नोंदी. एका नोंदीला डिस्कवर अर्धा केबी धरला तरी ४७ एमबीच्या आत. दिवाळीचे चार-पाच दिवस धरले तरी १ जीबीला धक्का नाही.

त्या सात ओळींत मी एक आठवी घातली: ही पाठवणीची रांगही कधी भरली, तर वाट पाहायची नाही, थांबण्याची वेळ शून्य. संदेश टाकून द्यायचा. इथे सगळ्यांचं एकमत होणार नाही. बँकेत किंवा दवाखान्यात नोंद न होता काम पुढे जाणं चालणार नाही, तिथे थांबणंच बरोबर असेल. ट्रान्सपोर्टच्या गोदामात रात्री दोनला गाडी लागलेली आहे, हमाल उभे आहेत, माल सकाळी पोचायचा आहे. इथे नोंद मागे राहिली तरी चालेल, गाडी नाही. आणि वाडीच्या स्वतःच्या फाइलीत नोंद असतेच. तिचं लॉग फिरवणं मुळात आठवड्याला एक आणि चार आठवडे असं होतं, ते २६ आठवडे केलं. १८२ दिवस. ऑडिटरचं कलम आता गांधीबागेच्या भरवशावर नाही.

'एकच ॲट ठेवायचा होता, यूडीपी कधी अडत नाही' असं एका मित्राने ऐकल्या ऐकल्या सांगितलं. खरं आहे, अडत नाही. पोचलं की नाही हेही कळत नाही. हट्टाची उणे एकची ओळ नुसती काढली असती तरी अडणं थांबलं असतं, पण मग रात्रीचं काहीच गांधीबागेत गेलं नसतं. आणि सेंटओएस ७ पासून मधे जर्नल हा नोंदी घेणारा दुसरा मुनीम बसतो, तिथे सॉकेट त्याच्या ताब्यात असल्याने हे दुखणं या रूपात येत नाही. नव्या सर्व्हरचं मालकांना लिहून दिलंय. त्यांचं उत्तर, "दिवाळीनंतर पाहू."

एक भोक मात्र उरलं, आणि ते मला महिन्याभराने दोन्हीकडच्या फाइली ताडून पाहताना दिसलं. रोज पावणेदहा ते दहामधल्या नोंदी वाडीत आहेत, गांधीबागेत नाहीत. दिवसाला सहाशेच्या आसपास. ती वर सांगितलेली पंधरा मिनिटं: कर्नलच्या हाती दिलेले आणि पलीकडे कधीच न पोचलेले संदेश. साध्या टीसीपीवरच्या सिसलॉगचा हा जुना दोष आहे; प्रत्येक संदेशाची पोच मागणारी रेल्प नावाची पद्धत गेरहार्ड्सनेच त्यासाठी काढली. ती लावायला दोन्हीकडे जादा मॉड्यूल लागतं, आणि आधार संपलेल्या सेंटओएसवर नवं काही चढवायला मी तयार नव्हतो.

मालक म्हणाले, त्या पोराला सांगतो स्वीच पाडू नको म्हणून. मी नको म्हटलं. जुन्या बाजारातलं ऑफिस, आजूबाजूला कापडाची दुकानं, उन्हाळ्यात शॉर्ट सर्किटची भीती; तो मेन स्वीच पाडतो ते बरोबरच करतो. त्याऐवजी गांधीबागेच्या डेस्कटॉपवर क्रॉन लावला: रोज साडेनऊला, शनिवारी पावणेसातला, तो स्वतःच रीतसर बंद होतो. रीतसर बंद होताना जोडणी सांगून तोडली जाते, वाडीला लगेच कळतं, आणि सहाशेच्या जागी फार तर एखादी नोंद हुकते. बायोसमध्ये वीज आली की आपोआप चालू होण्याचा पर्याय लावला. पोराला यातलं काही सांगावं लागलं नाही. तो पावणेदहाला येतो आणि आधीच बंद झालेल्या मशीनचा स्वीच पाडतो.

त्यामुळे वाडीच्या पाठवणीच्या रांगेत रोज रात्री नोंदी साठतात आणि रोज सकाळी ती रिकामी होते; मुद्दाम परीक्षा घ्यावी लागत नाही. सोमवारी दहाला गांधीबागेत स्वीच वर गेला की शनिवारपासून साठलेल्या स्पूलच्या फाइली वाडीच्या फोल्डरातून एकेक करून नाहीशा होतात.